धोक्याची घंटा आहे, पण फ्यूज कुठाय?

मंडळी, क्लाउडचं बिल अचानक भडकलं की हापिसात पहिला प्रश्न काय विचारला जातो माहितीये? "काय झालं?" हा नाही. "कोणी केलं?" हा! मग एक मीटिंग लागते, एक एक्सेल शीट उघडलं जातं, त्यात एका तारखेवर तो उंच सुळका दिसतो, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या माना हळूहळू टीममधल्या सगळ्यात नव्या पोराकडे किंवा पोरीकडे वळतात. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना एक ईमेल येते, "कृपया क्लाउड जबाबदारीने वापरा." विषय संपला. पुढचा सुळका येईपर्यंत.

मला हे साफ नामंजूर आहे, आणि या वीकांताला त्यावर जरा सविस्तर भांडायचं ठरवलंय. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. रात्रीत दहापट, शंभरपट होणारं बिल हे कुणा एकाच्या निष्काळजीपणामुळे येत नाही. घराला मीटर बसवलाय पण फ्यूज बसवलेला नाही, अशी वायरिंग करून विकणारे पहिले जबाबदार. ती डोळे झाकून वापरायला घेणारे आपले आर्किटेक्ट आणि मॅनेजर दुसरे. ज्याच्या हातून शेवटचं बटण दाबलं गेलं, तो फार फार तर तिसरा.

आधी एक खुलासा, नाहीतर लगेच कोणीतरी मला "जुन्या जमान्यातला" म्हणेल. मी क्लाउडच्या विरोधात नाही. मार्च २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने एस-थ्री आणलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसी-टू. तासाला दहा सेंट! त्याआधी सर्व्हर पाहिजे म्हणजे कोटेशन मागवा, पर्चेस ऑर्डर काढा, साहेबांची सही घ्या, मग खोका येईपर्यंत वाट बघा... त्या मानाने कार्ड घासून पाच मिनिटांत मशीन हातात येणं म्हणजे चमत्कारच होता. आजही आहे. माझी पोळीभाजी त्यावरच चालते.

पण त्या जुन्या, धूळ खाणाऱ्या सर्व्हरमध्ये एक गुण होता, जो आपण विसरलो. त्याला हद्द होती. तुमचा प्रोग्राम अनंत लूपमध्ये गेला तर मशीन तापायचं, पंखा बोंबलायचा, साइट बंद पडायची आणि तुम्हाला शिव्या बसायच्या. पण महिनाअखेर खर्च तेवढाच. मशीन मेलं, खिसा वाचला. क्लाउडने ती हद्दच काढून टाकली. मागणी वाढली की मशीन आपोआप वाढतात, हे जाहिरातीत फार छान दिसतं. पण मशीनला काय कळतंय, ही मागणी दिवाळीच्या गिऱ्हाइकांची आहे की तुमच्या बगची? गिऱ्हाइकांसाठी जशी वाढते तशीच ती बगसाठीही वाढते, तितक्याच तत्परतेने आणि त्याच भावाने.

आता घरातली वीज आठवा. महावितरणचा मीटर असतो, तो युनिट मोजतो. पण त्याच्या शेजारी एमसीबी असतो. वायर शॉर्ट झाली की तो खटकन पडतो. तुम्ही झोपलेले असा, गावाला गेलेले असा, तो पडतो म्हणजे पडतो. "आपल्या स्वयंपाकघरातली वायर जळत असल्याचे आढळून आले आहे, कृपया लक्ष द्यावे" असा ईमेल दुसऱ्या दिवशी दुपारी येत नाही!

क्लाउडमध्ये नेमकं हेच होतं. तुम्ही म्हणाल, "अरे पण बजेट लावता येतं ना!" येतं. आणि इथेच सगळ्यात मोठी फसगत आहे. बजेट हा शब्द ऐकून सामान्य माणसाला वाटतं की यापुढे खर्च होणार नाही. एडब्ल्यूएसचं बजेट फक्त तुम्हाला कळवतं. तेही कधी? त्यांच्याच कागदपत्रांत लिहिलंय की बजेटमधली माहिती दिवसातून जास्तीत जास्त तीनदा ताजी होते, साधारण आठ ते बारा तासांच्या अंतराने. गूगल क्लाउडही सरळ लिहितं की बजेट लावल्याने वापर थांबत नाही. म्हणजे रात्री अकराला आग लागली तर घंटा वाजेल सकाळी नाश्त्याच्या वेळी. तोवर घराची राख. ह्याला बजेट म्हणायचं? ही तर श्रद्धांजलीची आगाऊ सूचना झाली.

"हे सगळं कल्पनेतलं आहे" असं वाटत असेल तर जगजाहीर झालेली तीन प्रकरणं बघा.

पहिलं २०२० मधलं. एका छोट्या स्टार्टअपने गूगलच्या क्लाउड रन आणि फायरबेसवर एक चाचणी चालवली. वेब पानं वाचणारा प्रोग्राम, पानावरच्या दुव्यांसाठी पुन्हा स्वतःलाच हाक मारणारा. लूप तुटलाच नाही. बजेट लावलं होतं सात डॉलरचं. हो, सात! सकाळी बिल होतं बहात्तर हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने पन्नास लाखांच्या वर. डेटाबेसमधून ११६ अब्ज वेळा वाचन झालं होतं. बजेटची घंटा वाजली, पण बिलाचा हिशोबच मागून धापा टाकत येत होता, त्यामुळे घंटा वाजेपर्यंत सगळं उरकलेलं. पुढे गूगलने बिल माफ केलं.

दुसरं २०२४ मधलं, आणि मला सगळ्यात जास्त चीड आणणारं. एका अभियंत्याने एस-थ्रीवर एक रिकामी बकेट बनवली. खाजगी. आत जवळजवळ काही नाही. एका दिवसात तिच्यावर दहा कोटींच्या आसपास विनंत्या आदळल्या आणि बिल झालं तेराशे डॉलरच्या वर. कारण काय, तर एका लोकप्रिय ओपन सोर्स साधनाच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये योगायोगाने त्याच नावाची बकेट लिहिलेली होती! जगभरातल्या मशीन तिकडे बॅकअप टाकायला बघत होत्या. एस-थ्री त्या सगळ्यांना "परवानगी नाही" म्हणून परत पाठवत होतं, आणि परत पाठवल्याचे पैसे बकेटच्या मालकाकडून घेत होतं. म्हणजे अनोळखी लोक तुमच्या दाराची कडी वाजवतात, तुम्ही दार उघडतही नाही, आणि कडी झिजल्याचं बिल तुम्हाला! आता सांगा, यात "जबाबदारीने वापरा" हा उपदेश नक्की कोणाला करायचा? बोंबाबोंब झाल्यावर मे २०२४ मध्ये एडब्ल्यूएसने असल्या अनधिकृत विनंत्यांचे पैसे घेणं बंद केलं. चांगलं केलं. पण एस-थ्री २००६ चं आहे. सुधारणेला अठरा वर्षं आणि एक गाजलेला लेख लागला.

तिसरंही २०२४ चंच. नेटलिफायवर एकाची साधी, स्थिर, फुकट प्लॅनवरची साइट. कोणीतरी तिच्यावरच्या एका ऑडिओ फाइलवर हल्ला चढवला, रहदारी तुफान वाढली, आणि मालकाला बिल आलं १,०४,५०० डॉलरचं. पंच्याऐंशी लाख रुपयांच्या वर, फुकट प्लॅनवर! आधी कंपनीने सवलत देऊ केली, मग प्रकरण जालावर गाजलं आणि कंपनीच्या प्रमुखांनी बिल माफ केल्याचं जाहीर केलं.

इथे नेहमीचा युक्तिवाद येतो, "बघ, शेवटी माफ करतात की!" अहो, माफी हा हक्क नसतो. ती मर्जी असते. आज साहेबांचा मूड चांगला होता, उद्या नसेल. ज्याचा लेख लाखो लोकांनी वाचला त्याचं बिल माफ झालं हे आपल्याला कळतं. ज्याने गुपचूप हप्त्यांत भरलं त्याची गोष्ट आपल्यापर्यंत कधी येतच नाही. आणि माफी मिळेपर्यंतच्या त्या चार रात्री त्या माणसाने कशा काढल्या असतील, त्याचा हिशोब कुठल्याच शीटमध्ये नसतो. पंचवीस-सव्वीस वर्षांचं पोर, नुकतीच नोकरी, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, शिकण्यासाठी स्वतःच्या कार्डावर उघडलेलं खातं... त्याच्यासाठी तेराशे डॉलरसुद्धा "छोटी चूक" नसते. (वर अठरा टक्के जीएसटी वेगळा!)

आणि हो, आपल्याकडे एक गैरसमज आहे, "रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पंधरा हजारांच्या वरची रक्कम ओटीपीशिवाय कापलीच जात नाही, मग घाबरायचं कशाला?" पैसे आपोआप कापले जात नाहीत हे खरं. पण देणं तसंच राहतं. बिल थकलं की खातं बंद होतं आणि तगादा सुरू होतो. ओटीपी हा कार्डाचा फ्यूज आहे, क्लाउडचा नाही. तिकडे मीटर पळतच असतो.

पुढचा युक्तिवाद जरा जाणकारांचा. "खर्चाला कडक मर्यादा घालणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. इतक्या प्रचंड प्रमाणावर हिशोब लगेच कसा करणार?" असं? मग मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरमध्ये फुकट चाचणीच्या आणि क्रेडिटवाल्या खात्यांना खर्चमर्यादा कशी काय असते? क्रेडिट संपलं की सेवा थांबते. फक्त "वापराल तसे भरा" प्रकारात गेलात की ती सोय गायब! गूगलच्या अ‍ॅप इंजिनमध्ये एके काळी रोजच्या खर्चाची मर्यादा घालता यायची. ती नंतर काढून टाकली. आणि जुलै २०२५ पासून एडब्ल्यूएसने नव्या खात्यांसाठी असा मोफत प्लॅन आणला की क्रेडिट संपलं किंवा सहा महिने झाले की खातं बंद होतं, तुम्ही स्वतः पुढच्या प्लॅनवर गेल्याशिवाय पैसे लागत नाहीत. म्हणजे जिथे त्यांचे पैसे पणाला लागलेले असतात, तिथे फ्यूज बरोबर बसतो. तुमचे लागले की मात्र ते काम "तांत्रिकदृष्ट्या अवघड" होतं. आता बोला!

शिवाय सेकंदाला किती विनंत्या येऊ द्यायच्या हे तर ते लोक आजही मोजतात आणि जास्त झाल्या की फटकन अडवतात. स्वतःची यंत्रणा वाचवायला क्षणात मोजता येतं, गिऱ्हाइकाचा खिसा वाचवायला बारा तास लागतात. हिशोब अगदी पैशापर्यंत अचूक नसला तरी चालेल हो. हजाराच्या मर्यादेवर बाराशेला थांबलं तर कोणी रडणार नाही. हजाराच्या मर्यादेवर दहा लाख झाले की रडतात.

"पण मर्यादा लागून ऐन सेलच्या रात्री दुकान बंद पडलं तर?" हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर सोपं आहे: ज्याला नको त्याने लावू नये. बँकेला, इस्पितळाला, मोठ्या दुकानाला फ्यूज नको असेल, त्यांनी तसं लिहून द्यावं. विद्यार्थ्याला, छोट्या स्टार्टअपला, टेस्टिंगच्या खात्याला हवा असेल तर तो मिळायला हवा. आणि थांबवायचं म्हणजे विदा पुसायचा असं थोडंच आहे? नवी मशीन थांबवा, बाहेर जाणारी रहदारी थांबवा, साठवलेल्या फाइलींना हात लावू नका. आज गूगलवर असा फ्यूज पाहिजे असेल तर बजेटचा संदेश पकडून बिलिंगच तोडणारं फंक्शन तुम्हीच लिहायचं, आणि ते करताना काही गोष्टी कायमच्या पुसल्या जाऊ शकतात हा इशाराही वाचायचा. म्हणजे फ्यूज गिऱ्हाइकाने घरी बनवायचा, चांदीच्या कागदाचा.

मोबाइलवाल्यांचीही हीच कथा होती. परदेशात गेलं, डेटा चालू राहिला, की परत आल्यावर बिल बघून चक्कर. युरोपीय संघाने काय केलं? लोकांना "जबाबदारीने वापरा" अशी ईमेल पाठवली नाही. नियम केला. जुलै २०१० पासून रोमिंग डेटावर महिन्याला पन्नास युरोची मर्यादा, तीही डिफॉल्ट. ऐंशी टक्क्यांना सूचना, मर्यादेला तोड, आणि पुढे जायचं असेल तर ग्राहकाने स्वतः हो म्हणायचं. त्यानंतर टेलिकॉम कंपन्या काही बुडाल्या नाहीत.

असो. आता दुसऱ्या आरोपींकडे, म्हणजे आपल्याकडे. कंपन्यांना शिव्या घालून हात झटकणं सोपं आहे, पण आपली वायरिंगही काही धड नाही.

मी पूर्वी जिथे होतो तिथला किस्सा सांगतो (नाव नको). शुक्रवारी संध्याकाळी सातला एका वर्षभराच्या अनुभवाच्या मुलीने एक छोटा बदल चढवला. रीतसर रिव्ह्यू झालेला, वरिष्ठांनी मान्य केलेला. त्यानंतर काही फाइली प्रोसेस होताना फसायला लागल्या. फसलेला मेसेज परत रांगेत, परत तीच दोनशे एमबीची फाइल एस-थ्रीवरून ओढायची, परत फसायचं. रांग वाढली म्हणून ऑटोस्केलिंगने दोनाच्या चाळीस मशीन केल्या. ती सगळी रहदारी नॅट गेटवेमधून. मुंबई रीजनमध्ये नॅट गेटवे प्रत्येक जीबीमागे ०.०५६ डॉलर घेतो. ऐकायला किती किरकोळ, नाही? सोमवारी सकाळपर्यंत सुमारे १७० टेराबाइट डेटा त्यातून गेला. साडेनऊ हजार डॉलर. जवळजवळ आठ लाख रुपये. आणि मीटिंगमध्ये त्या मुलीला उभं करून विचारलं, "शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय का केलंस?"

आता खरे प्रश्न बघा. एस-थ्रीला जाण्यासाठी व्हीपीसी गेटवे एंडपॉइंट असतो, तो पूर्ण फुकट असतो. तो दोन वर्षांपूर्वी नेटवर्क आखणाऱ्याने का लावला नव्हता? तीन-चार वेळा फसलेला मेसेज बाजूला टाकणारी डेड लेटर क्यू का नव्हती? रोजचं काम दोन मशीनवर चालत असताना कमाल आकडा चाळीस कोणी लिहिला, आणि का? बजेटची सूचना शनिवारी रात्री आलेली होती, पण ती अकाउंट्स विभागाच्या सामायिक इनबॉक्समध्ये आणि सहा महिन्यांपूर्वी सोडून गेलेल्या एका मॅनेजरच्या पत्त्यावर! चार भोकं, चारही वरच्या लोकांनी पाडलेली, आणि त्यातून पडली ती सगळ्यात खालची. तिने त्यानंतर दोन-तीन महिने साधी कॉन्फिगरेशनची ओळ बदलायलाही नकार दिला. मला विचाराल तर आठ लाखांपेक्षा हे नुकसान मोठं.

साइट बंद पडली तर आपण हल्ली शहाण्यासारखं वागतो. कोणावर ओरडत नाही, कारणांची साखळी लिहितो, प्रत्येक कडीला उपाय लावतो. मग पैसे गळायला लागले की अचानक आपण शाळेचे हेडमास्तर का होतो? भडकलेलं बिलही आउटेजच आहे. त्याला ऑन-कॉलचा माणूस पाहिजे, कारणमीमांसा पाहिजे, आणि पुढच्या वेळचा फ्यूज पाहिजे.

सुळका शोधायचा कसा, तेही सांगतो, कारण नुसतं भांडून उपयोग नाही. कॉस्ट एक्सप्लोरर उघडलं की लोक सर्व्हिसचं नाव बघून थांबतात. "ईसी-टू वाढलंय" म्हणून मशीन मोजत बसतात. पण नॅट गेटवे, डिस्क, झोनमधली देवाणघेवाण हे सगळं "ईसी-टू अदर" नावाच्या गोणीत भरलेलं असतं. म्हणून सर्व्हिसनंतर वापराचा प्रकार लावा, मग खातं किंवा टॅग. महिन्याचा आलेख बंद करून दिवसाचा बघा. आणि डॉलर बघू नका, नग बघा. जीबी किती, विनंत्या किती, तास किती. नग कळले की कारण बहुतेक वेळा आपणहून समोर येतं. मग तो उतार जिथे सुरू होतो ती वेळ आणि त्या दिवशीचे डिप्लॉय शेजारी ठेवा. बहुतेक केसेस अर्ध्या तासात सुटतात.

पण खरी गंमत अशी की बिलावरून सुळका पकडायचा हीच मुळात उशिराची गोष्ट. बिल तासांनी येतं, मेट्रिक मिनिटांत. नॅटमधून किती बाइट गेले, फंक्शन किती वेळा चाललं, रांगेत किती मेसेज आहेत, हे सगळं दर मिनिटाला दिसत असतं. गजर तिथे लावा. वरच्या किस्स्यात नॅटच्या बाइटवर एक साधा अलार्म असता तर शुक्रवारी सव्वासातलाच फोन वाजला असता.

बाकी माझी फ्यूजची यादी अशी:

१. जिथे जिथे काही आपोआप वाढतं तिथे कमाल आकडा लिहा, आणि तो नेहमीच्या गरजेच्या तीन-चार पटच ठेवा. डिफॉल्टवर विसंबू नका. लॅम्डाचा डिफॉल्ट एका रीजनमध्ये एका वेळी हजार. तुमच्या बगला हजार हात कशाला द्यायचे?

२. पुन्हा प्रयत्न करणाऱ्या प्रत्येक गोष्टीला शेवट पाहिजे. वाढत्या अंतराने प्रयत्न, मग डेड लेटर क्यू. ज्या बकेटमुळे फंक्शन सुरू होतं त्याच बकेटमध्ये निकाल लिहू नका, साप स्वतःची शेपटी गिळतो. (जुलै २०२३ पासून लॅम्डा असे काही लूप साधारण सोळा फेऱ्यांनंतर स्वतःच तोडतं. म्हणजे मनात आणलं तर फ्यूज बसवता येतो!)

३. बिगक्वेरीत "लिमिट १०" लिहिलं म्हणून स्वस्त पडत नाही. पैसे वाचलेल्या विद्याचे लागतात, दिसलेल्या ओळींचे नाही. अमेरिकेतल्या भावाने एका टेबिबाइटला सव्वासहा डॉलर. दहा टेबिबाइटचं, सतत नवा विदा येणारं टेबल दर पाच मिनिटांनी अख्खं वाचणारा डॅशबोर्ड दिवसाला अठरा हजार डॉलर खातो. क्वेरीवर कमाल बाइटची मर्यादा घालायची सोय आहे. वापरा.

४. प्रयोगांसाठी वेगळं खातं. त्याला बजेट अ‍ॅक्शन जोडा, ती नवीन गोष्टी सुरू करायची परवानगी काढून घेऊ शकते आणि ईसी-टू मशीन बंद करू शकते. हिशोब उशिराच येतो, त्यामुळे हा फ्यूज मंद आहे. पण नसण्यापेक्षा बरा.

५. लॉग कायमचे साठवणं हा डिफॉल्ट असतो, तो बदला. डिबग लॉग प्रॉडक्शनवर चालू राहिला तर ते लॉगचं बिल कधी कधी मूळ सर्व्हरपेक्षा जास्त होतं.

६. की रिपॉझिटरीत टाकू नका. सार्वजनिक झालेल्या की शोधणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात, आणि तुमच्या खात्यात दुसऱ्याचं क्रिप्टो मायनिंग सुरू व्हायला काही मिनिटं पुरतात.

७. सूचना तिथे जाऊ दे जिथे रात्री कोणीतरी जागं आहे.

काही जण म्हणतील, "एवढी कटकट असेल तर क्लाउडच सोडा ना!" सेव्हनथर्टी... छे, थर्टीसेव्हन सिग्नल्स कंपनीने सोडलंच :-) त्यांचा २०२२ चा क्लाउडचा खर्च बत्तीस लाख डॉलर होता, मग स्वतःचे सर्व्हर घेतले. त्यांचं गणित त्यांच्यापुरतं बरोबर असेल. पण ते रोजच्या, ठरलेल्या खर्चाचं गणित आहे. मी बोलतोय ते अपघाताबद्दल. रस्त्यावर अपघात होतात म्हणून गाडी विकायची नसते, ब्रेक मागायचे असतात.

आणि ते मागायला आपण कमी पडतोय, हे माझं शेवटचं म्हणणं. मोठ्या कंपन्यांचे करार करणारी मंडळी सवलतीवर तासन्‌तास घासाघीस करतात, दोन टक्के कमी करून घेतल्यावर पेढे वाटतात. त्याच टेबलावर "आम्हाला कडक खर्चमर्यादा हवी, नसेल तर एका दिवसात दहापट झालेलं बिल तुम्ही अर्धं सोसा" असं एकदा तरी कोणी म्हणून बघा. हजार विद्यार्थ्यांनी ओरडून जे होणार नाही ते चार मोठ्या गिऱ्हाइकांनी खुर्चीत बसून म्हटलं तर होईल. तोवर, तुम्ही टीम लीड असाल तर सोमवारी एवढंच करा. तुमच्या सिस्टिममधला प्रत्येक कमाल आकडा कोणता आणि तो कोणी लिहिला याची यादी काढा, आणि बजेटची ईमेल नक्की कोणाच्या इनबॉक्समध्ये जाते ते उघडून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे. त्या पंधरा मिनिटांत तुमच्या टीममधलं सगळ्यात नवं माणूस वाचू शकतं.

बघा पटतंय का. नाही पटलं तर भांडायला जरूर या.